टोचतंय का?

"टोचतंय का?"

मैदानवाल्या मामांचा दिवस ह्या दोन शब्दांनी सुरू व्हायचा. सकाळी साडेसहाला आम्ही मुली मिलच्या मैदानावर पोचायचो, तेव्हा ते चाळणी पुढ्यात घेऊन फाटकाजवळ उकिडवे बसलेले असायचे. बोटानं एकीला खूण करायची, चपला काढायला लावायच्या, आणि ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत चालत पाठवायचं. ती परत आली की हा प्रश्न. 'नाही' म्हटलं की दुसरीची पाळी. 'हो' म्हटलं की नेमकं कुठं ते विचारून तिथली ओंजळभर माती उकरायचे आणि पुन्हा चाळायचे.

प्रत्येक मैदानाला असं एक माणूस असतं, तुम्हीही पाहिलं असेल. त्याचं नाव कुणाला माहीत नसतं. मलाही त्यांचं नाव माहीत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुठंतरी येईल म्हणून तुम्ही वाट बघत बसणार नाही.

आमचा खो-खोचा संघ होता. मी त्याची कॅप्टन, वय एकोणीस. आम्ही अनवाणी खेळायचो, सगळेच खेळायचे. आठ जणी मधल्या पाटीवर जमिनीला हात टेकून बसणार, एक धावणार, समोरच्या तिघी हुलकावण्या देणार. पडणं, घसरणं, खरचटणं रोजचंच. त्यामुळे माती कशी आहे ह्यावर आमचं सगळं चालायचं, आणि माती मामांच्या हातात होती.

मामा अक्कलकोटच्या पलीकडचे. आमच्याशी मराठी बोलायचे आणि शेळ्यांशी कानडी. मैदानात शेळ्या शिरल्या की "होग, होग" करत धावायचे. एकदा मी हसले तर म्हणाले, "शेरड्यांना मराठीत सांगून कळत न्हाय गं. तुमाला तरी कुटं कळतंय."

चाळणीत निघालेले खडे ते फेकायचे नाहीत. वनस्पती तुपाच्या एका रिकाम्या डब्यात साठवायचे आणि महिना संपला की आमच्यापुढं डबा हलवून दाखवायचे. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. बहात्तरचा दुष्काळ. घराघरात लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, रेशनची रांग, नळाला चार दिवसांनी पाणी. मामांनी डबा हलवला आणि म्हणाले, "घ्या बगून. औंदा सोलापुरात येवढंच पिकलंय."

बक्षीस समारंभाला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा त्यांनी एकदा पाटीच्या कडेला अडवलं होतं. "साहेब, बूट." पाहुणे मोठे होते. मिलच्या क्रीडामंडळाचे सेक्रेटरी मागून डोळे वटारत होते. मामा आपले हात जोडून उभे, पण बाजूला सरकले नाहीत. शेवटी पाहुण्यांनी बूट काढले. त्यांच्या एका मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं, आणि आम्ही दोन दिवस त्याच विषयावर बोलत होतो.

मला वाटायचं 'टोचतंय का' ही म्हाताऱ्या माणसाची सवय आहे. जेवलीस का, बरी आहेस का, तसंच ते. स्वतः आख्खा दिवस मैदानावर अनवाणी फिरणाऱ्या माणसाला आम्हाला कशाला विचारावं लागतंय, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

एक दिवस ते चुन्याची फक्की मारून रेघा आखत होते. मी खांबाला टेकून बसले होते. पांढरी रेघ सरळ येत होती आणि रेघेच्या शेजारनं, पावला-पावलाच्या अंतरावर, लाल ठिपके येत होते. मी म्हटलं, "मामा, पायात काहीतरी गेलंय." त्यांनी मागं वळून ठिपके बघितले, मग खाली बसून पाय वर घेतला. बाभळीचा काटा होता, टाचेत पार आतपर्यंत गेलेला. त्यांनी तो ओढून काढला. चेहरा होता तसाच.

"कळलंच न्हाय बग," ते म्हणाले.

मग इकडंतिकडं बघून हळूच सांगितलं. मिलच्या रंगखात्यात अठरा वर्षं काढली होती. हौदात उतरून सूत तुडवायचं, पाय कायम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्याही यायच्या बंद झाल्या. घोट्याच्या खाली काही कळत नव्हतं. काम होईना म्हणून मैदानावर दिलं होतं, पण पायाचं मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

"कुणाला बोलू नगंस. लोकं महारोग म्हणत्यात. मग हितं कोण ठेवंल?"

मी नाही बोलणार म्हटलं. तो रंगामुळं झालेला आजार होता की खरंच दुसरं काही, मला आजही माहीत नाही. पण त्या दिवसापासून 'टोचतंय का' ऐकताना मला निराळं वाटायला लागलं. ते आमच्या पायांनी मैदान तपासत होते.

आता माझं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे वडील त्याच मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम होते. केम गावचं एक स्थळ आलं होतं आणि वैशाखात उरकायचं ठरत होतं. मुलगा काही वाईट नव्हता. मलाच लग्न नको होतं, मला शिक्षिका व्हायचं होतं, खेळाची. आमचे खो-खोचे सर घरी येऊन वडिलांशी बोलले. राज्याच्या संघात निवड झाली तर शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला जागा मिळेल, असं त्यांनी सांगितलं. वडील बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "निवड झाली तर दोन वर्षं थांबू. न्हाय झाली तर वैशाखात अक्षता. आणि हे बघा सर, परगावी पाठवणार नाही. हितं काय खेळायचं ते खेळू द्या."

नेमकी त्या वर्षी मुलींची विभागीय स्पर्धा सोलापुरात होती, आमच्याच मैदानावर. राज्याचा संघ तिथूनच निवडायचा होता. माझ्यासाठी एवढं एकच दार उघडं होतं.

आणि मैदानाचा पार भुगा झाला होता. मातीला पाणी नसलं की ती बसत नाही, पाय टाकला की धूळ उडते आणि खालचा मुरूम वर येतो. प्यायच्या पाण्याचा थेंबही मैदानावर टाकायचा नाही असा हुकूम होता, आणि तो बरोबरच होता. गुरुवारी पंच मैदान बघायला येणार होते. त्यांनी नापास केलं तर स्पर्धा दुसऱ्या गावाला जाणार, हे पत्रातच लिहून आलं होतं.

मामांनी तोड काढली. रंगखात्यात सूत रंगवून झाल्यावर चार-पाच पाण्यांतून काढतात. शेवटच्या धुण्याचं पाणी जवळजवळ नितळ असतं, नुसतं फिकट गुलाबी. ते नालीतनं वाहून जायचं. मामांनी हातगाड्यावर पिंप बांधलं आणि ते पाणी आणायला लागले. सेक्रेटरींना विचारूनच. सेक्रेटरींनी "उत्तम, उत्तम" म्हटलं होतं. हे नंतर कुणाला आठवलं नाही.

आठ दिवस ते पाणी मैदानावर पडत होतं. माती चापून-चोपून बसली. वर रोलर फिरला. शेणानं सारवलेल्या अंगणासारखं मैदान दिसायला लागलं, थोडी लालसर झाक असलेलं. आम्हाला त्यावर पाय ठेवायची बंदी होती, वरची साय मोडेल म्हणून. आठ दिवस पाणी उडून जात होतं आणि पाण्यातलं जे होतं ते मातीत राहत होतं, हे रंगखात्यातल्या कुणीही सांगितलं असतं. मामा स्वतः अठरा वर्षं रंगखात्यात होते. त्यांना शंका आली असणार, कारण बुधवारी दुपारी त्यांनी मला एकटीला बोलावलं.

"एकदा चालून ये, कॅप्टन. हळू टाक पाय."

मी ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत गेले. छान गार लागलं. येताना टाचा चुणचुणायला लागल्या. धुण्याच्या सोड्यात बराच वेळ हात राहिले की होतं, तसं. पाटीच्या शेवटाला येईपर्यंत ती चुणचुण आग झाली होती. मी एक पाय दुसऱ्या पोटरीवर घासला.

"टोचतंय का?"

"नाही."

"भाजल्यागत? खाजल्यागत?"

"नाही मामा. चांगलंय."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग मान हलवली आणि फक्कीचा डबा उचलला.

मी तेव्हा फार विचार केला, फार घालमेल झाली असं लिहिता आलं असतं. तसं काही झालं नाही. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर कदाचित खरं सांगितलं असतं. मामा माझ्या शब्दावर जाणार हे मला माहीत होतं, आणि त्यांना स्वतःला कळणार नाही हेही माहीत होतं. ते माहीत असणारी मी एकटीच होते. घरी जाऊन मी टाचांना खोबरेल तेल लावलं.

पंच बूट घालून आले, कडेनं फिरले, "वा" म्हणाले. शुक्रवारी सामने झाले. मुली पाय चोळत होत्या, पण ऊन कडक होतं, सगळ्यांनी उन्हावर घेतलं. मी दोन्ही सामन्यांत चांगली खेळले. शनिवारी सकाळी मामांनी पुन्हा पाणी मारलं आणि दुपारी चारला अंतिम सामना लागला, आमचा आणि सांगलीकडच्या मुलींचा.

त्यांच्यात एक दोन वेण्यांची मुलगी होती, पंधरा-सोळा वर्षांची. काय पळायची. दुसऱ्या डावात ती माझ्या मागं लागली. मी खांबाला वळसा घातला आणि तिनं सूर मारला. तिची बोटं माझ्या पाठीपासून वीतभर लांब राहिली आणि ती तोंडावर घसरत गेली. उठली, दोन पावलं धावली, मग मटकन खाली बसली आणि डोळ्यावर हात दाबून धरला. ओरडली नाही. "पाणी," एवढंच म्हणाली.

मग बसलेल्या आठ जणींमधली एक उठली आणि तिनं तळहात दाखवले. दुसरीनं तळपाय दाखवले. कातडी पांढरी पडून सुटायला आली होती. आमच्यातल्याही तशाच. सामना थांबला तेव्हा दोन मिनिटं बाकी होती. मी बाद झाले नव्हते.

मैदानावर स्वच्छ पाणी एकाच ठिकाणी होतं. पाहुण्यांसाठी भरून ठेवलेला रांजण. डॉक्टर येईपर्यंत मामांनी तो ओढत आणला, सेक्रेटरींना न विचारता. आधी त्या मुलीचा डोळा धुतला, कितीतरी वेळ. मग आम्हा सगळ्यांना ओळीनं बसवलं आणि एकेकीच्या पायावर तांब्यानं पाणी घालत गेले. प्रत्येकीला विचारत होते, "टोचतंय का? पोरी, टोचतंय का?" प्रत्येक मुलगी हो म्हणत होती. कोणी मराठीत, कोणी तेलुगूत, कोणी नुसतं रडून.

माझ्यापाशी आले तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. पाणी घातलं आणि पुढं गेले.

दोन वेण्यांच्या मुलीला डोळ्यावर पट्टी बांधून मोटारीत बसवून नेलं. तिच्या डोळ्याचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. सरांना विचारलं असतं तर समजलं असतं. मी विचारलं नाही.

सोमवारी सेक्रेटरींच्या खोलीत चौकशी झाली. मला कॅप्टन म्हणून बोलावलं होतं. पायाला चिंध्या बांधून मी भिंतीशी उभी. मामा टेबलासमोर. डॉक्टर खुर्चीवर.

"पाणी मारायच्या आधी, नंतर, कधी तपासलं होतंत का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"व्हय साहेब."

"कुणी?"

"मीच. चालून बगितलं की."

"आणि तुम्हाला आग झाली नाही?"

मामांची नजर खाली गेली. डॉक्टरांचं लक्ष त्यांच्या पायांकडं गेलं. त्यांनी मामांना बाकावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि पेन्सिलीचं टोक टाचेवर दाबलं.

"कुठं लागतंय?"

मामांनी जरा विचार केला. परीक्षेत प्रश्न अडल्यावर मुलं करतात तसा. "अंगट्याला," ते म्हणाले.

डॉक्टरांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. सेक्रेटरींनी ती उचलली नाही, खुर्ची मात्र मागं सरकवली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुला ह्यांच्या पायाचं काही माहीत होतं?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "पोरीला काय ठाऊक असनार साहेब?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांना कुणी वेडंवाकडं बोललं नाही. उपचार करून घ्या, बरे झालात की बघू, असं सांगितलं. बरे होणार नव्हते आणि कुणी बघणारही नव्हतं, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. बाहेर पडताना त्यांनी बाकावरचा टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी फाटकाजवळ चाळणी होती, डबा होता, ते नव्हते. आठवड्याभरानं तो बाक खोलीतून बाहेर काढून जाळून टाकला.

अंतिम सामना पुन्हा झाला नाही. झालेल्या खेळावरून निवड केली आणि तीत माझं नाव आलं. वडिलांनी शब्द पाळला. कोर्स झाला, नोकरी लागली. पेढे वाटले तेव्हा मला आनंद झाला पाहिजे होता. काही झालं नाही. मी पेढा खाल्ला आणि तो गोड होता.

सहा वर्षांनी शाळेच्या मुलींना सामन्याला घेऊन अक्कलकोटला गेले होते. परत निघताना एस.टी. स्टँडवर उभी होते. दुपारचं ऊन, डांबर वितळलेलं. एक माणूस लंगडत पलीकडून येत होता. एका पायात टायरची चप्पल, दुसरा पाय उघडा, त्या डांबरावर. सावकाश, काही घाई नसल्यासारखा चालत होता. चप्पल मागं वीस पावलांवर पडली होती.

मी जाऊन ती उचलली. "मामा, चप्पल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. खूप वाळले होते. "कॅप्टन न्हवं का तू?" म्हणाले. पायाकडं बघून हसले. "आँ, कवा निसटली की." मग आम्ही पायरीवर बसलो. शाळेत मैदान आहे का, माती कुठली, चाळून घेतेस का, सगळं विचारलं. मी सांगत गेले. मुली लांबून बघत होत्या.

मला ते सांगायचं होतं आणि कसं सांगायचं हे सहा वर्षांत जुळवता आलं नव्हतं. शेवटी नुसतं म्हटलं, "मामा, त्या बुधवारी टोचत होतं."

"ठाऊक हाय की," ते म्हणाले. "पोटरीवर पाय घासलास तू."

"मग?"

"मग काय. तू न्हाय म्हणलीस."

ते रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. सहा वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी लागलं, आणि ते चांगलंच लागलं.

त्यांनी उघडा पाय उचलून दुसऱ्या मांडीवर घेतला आणि माझ्याकडं वळवला. "बरं, आलीयास तर बग जरा. लंगडतोय म्हणत्यात लोकं. काय हाय का तितं?"

मी वाकून बघितलं. सोड्याच्या बाटलीची हिरवी काच होती, टाचेत रुतलेली. भोवतीची जखम जुनी होती.

"हाय मामा," मी म्हटलं. "काच हाय. लई आत गेलीय."

"हाय व्हय? बरं झालं सांगितलंस."

मी केसातली पिन काढली आणि त्यांचा पाय माझ्या मांडीवर घेतला. काच निघायला बराच वेळ लागला. तोवर ते फलाटाकडं बघत मला सांगत होते की दुधनीची गाडी रोज तीनची असते, पण सव्वातीनशिवाय काही येत नाही.